होशेयाच्या मुलांची नावं अशी का ठेवली?

नगरची_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या बायबल अभ्यासात सध्या होशेय संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे आणि मी पहिल्याच अध्यायात अडकून बसलेय. देव होशेयाला सांगतो गोमरशी लग्न कर, मग तीन मुलं होतात आणि तिघांचीही नावं देवच सांगतो. थोरला इज्रेल, मग मुलगी लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही, आणि धाकटा लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. आता सांगा, त्या पोरीला जेवायला हाक मारताना आई रोज काय म्हणत असेल? मला दोन लेकी आहेत, मला ते वाचवेचना. मुलांचा काय दोष हो यात?

दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय, त्यात संदेष्ट्यांच्या पुस्तकांतल्या प्रत्येक नावापुढे आजचा एकेक देश नाहीतर एकेक नेता लिहिलाय, गोग म्हणजे अमका, बाबेल म्हणजे तमका, आणि एक काका शपथेवर सांगतात की हे सगळं आजच्या बातम्यांसाठीच लिहून ठेवलंय. मला ते पटत नाहीये पण उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाही. ही नावं वाचायची कशी? इम्मानुएल, किंवा "अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती", ही खरी नावं आहेत की पदव्या? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुनाकरार

ताई, प्रश्न फार चांगला आहे आणि तुम्हाला जे टोचलं ते टोचायलाच हवं, कारण ती नावं ऐकणाऱ्याला टोचावीत म्हणूनच ठेवली होती. मी थोरल्यापासून सुरू करतो कारण बहुतेक लोक लो-रुहामा आणि लो-अम्मीवर बोलतात आणि इज्रेल सोडून देतात, आणि माझ्या मते सगळी किल्ली इज्रेलमध्येच आहे.

इज्रेल हे आधी गावाचं आणि खोऱ्याचं नाव. गालील आणि शोमरोनच्या मधलं ते मोठं सुपीक खोरं, आजही तिथं भरपूर शेती होते. नावाचा अर्थ देव पेरतो. इतकं सुंदर नाव, पण होशेयाच्या काळात ते ऐकलं की लोकांना आधी रक्त आठवायचं. नाबोथाचा द्राक्षमळा तिथलाच, जो इस्राएलचा राजा अहाब आणि राणी ईजबेलने त्याचा खून करवून बळकावला. मग इ.स.पू. ८४१ च्या आसपास येहू या सेनापतीने तिथंच बंड केलं, उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा मारला, दक्षिणेकडच्या यहूदाचा राजा मारला, ईजबेलला खिडकीतून खाली टाकलं, आणि अहाबाच्या सत्तर मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला मागवली, वेशीपाशी ढीग घातला (२ राजे ९ आणि १० वाचा, जेवणाआधी नको). आपल्याकडे कुणी पोराचं नाव पानिपत ठेवलं तर कसं वाटेल, साधारण तसं.

आता गंमत अशी की होशेय बोलायला लागला तेव्हा गादीवर होता दुसरा यराबाम, म्हणजे येहूचा पणतू. राज्य भरभराटीत होतं, सीमा वाढल्या होत्या, पैसा खेळत होता. अशा वेळी एक संदेष्टा आपल्या तान्ह्या मुलाला इज्रेल म्हणून हाक मारत फिरतो, म्हणजे राजघराण्याच्या पायात जे रक्त आहे ते रोज रस्त्यावर बोलून दाखवतो. त्याला भाषण द्यायची गरजच नाही. देव तिथं स्पष्ट म्हणतो, थोड्याच काळात इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला जाब विचारीन आणि इस्राएलचं धनुष्य इज्रेलच्या खोऱ्यात मोडीन. आणि झालंही तसंच. यराबामाचा मुलगा जखऱ्या जेमतेम सहा महिने राजा होता, मग शल्लूमने त्याला लोकांसमोर मारलं आणि येहूचं घराणं संपलं. पुढे इ.स.पू. ७३३-७३२ ला अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर आला आणि ते खोरंच काढून घेऊन आपला प्रांत केला.

इथं एक अवघड जागा आहे, ती लपवायला नको. २ राजे १० मध्ये येहूला शाबासकी मिळते, चार पिढ्या गादी मिळेल असं वचन मिळतं. आणि होशेय त्याच रक्तपाताचा हिशोब मागतो. माझं मत असं की येहूला काम दिलं होतं अहाबाच्या घराण्याचा न्याय करायचं, पण त्याने सत्तेसाठी जे जे कापलं ते सगळं देवाच्या नावावर खपवता येत नाही. शिवाय स्वतः तीच सोन्याची वासरं पुजत राहिला. लोक वेगळी उत्तरं देतात, पण शास्त्र स्वतःच्याच नायकांचा हिशोब मागतं ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता मुलीबद्दल. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिला अध्याय बंद करू नका, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. तिथं तिन्ही नावं उलटतात. आकाश पृथ्वीला उत्तर देईल, पृथ्वी धान्याला, द्राक्षारसाला, तेलाला, आणि ते इज्रेलला उत्तर देतील, आणि मी तिला माझ्यासाठी भूमीत पेरीन. म्हणजे रक्ताचं इज्रेल परत पेरणीचं इज्रेल होतं, एक अक्षर न बदलता. आणि लो-रुहामावर मी दया करीन, लो-अम्मीला मी म्हणेन तू माझा आहेस, आणि तो म्हणेल तू माझा देव. त्या दोघांच्या नावातला फक्त "लो" गळून पडतो, म्हणजे "नाही" गळतो. नाव ठेवतानाच देवाने हा रस्ता मोकळा ठेवला होता.

मुलांना काय वाटलं ते मजकुरात नाही. पण एक लक्षात घ्या, १:८ मध्ये लिहिलंय की लो-रुहामाचं दूध तुटल्यावर गोमर पुन्हा गरोदर राहिली. त्या काळी दूध दोन-तीन वर्षं चालायचं. म्हणजे ती मुलगी तेवढा काळ आईच्या अंगावर होती. "दया नाही" नावाची मुलगी आईच्या दुधावर वाढली हे लिहिणाऱ्याने उगाच लिहिलं नसावं असं मला मनापासून वाटतं.

वसईवाला_७

वरचा प्रतिसाद मस्त. मी यशया संदेष्ट्याबद्दल लिहितो कारण ताईंनी इम्मानुएल विचारलंय आणि तिथंही मुलंच आहेत.

प्रसंग असा. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास दिमिष्कचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह हे दोघं मिळून यरुशलेमवर चालून आले, यहूदाचा राजा आहाज याला काढून त्याच्या जागी ताबेलाच्या मुलाला बसवायचं ठरलं होतं, कारण दोघांना अश्शूरविरुद्ध आघाडी करायची होती आणि आहाज येत नव्हता. राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं असं लिहिलंय. तेव्हा देव यशयाला म्हणतो जा, वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर आहाजला भेट, आणि जाताना तुझ्या मुलाला, शआर-याशूबला, बरोबर घेऊन जा. नावाचा अर्थ अवशेष परत येईल. आता विचार करा, राजा वेढ्याच्या भीतीने पाणीपुरवठा बघायला आलाय बहुतेक, आणि समोर संदेष्टा एका पोराचं बोट धरून उभा. ते नाव धमकी पण आहे (फक्त अवशेषच उरेल) आणि वचन पण आहे (उरेल तरी, आणि परत येईल). दहाव्या अध्यायात यशया स्वतःच ते दोन्ही अर्थाने वापरतो. आहाजने कुठलं ऐकायचं ते आहाजवर होतं.

मग इम्मानुएल, देव आमच्याबरोबर. ख्रिसमसला आपण हे नाव गातो, पण त्या दिवशी ते आहाजला त्याने नको म्हटलेलं असताना मिळालेलं चिन्ह होतं. त्याला देव म्हणाला होता काहीही चिन्ह माग, अधोलोकाइतकं खोल किंवा आकाशाइतकं उंच, आणि हा म्हणतो मी नाही मागणार, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला नम्र, पण खरं तर त्याचा बेत वेगळा होता. २ राजे १६ मध्ये आहे की त्याने मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंचांदी काढून तिग्लथ-पिलेसरला पाठवलं आणि म्हणाला मी तुझा दास, तुझा पुत्र. तिग्लथ-पिलेसरच्या कोरीव लेखात खंडणी देणाऱ्यांच्या यादीत यहूदाच्या आहाजचं नाव आजही वाचता येतं.

म्हणून इम्मानुएल हे नाव तीनदा येतं ते तिन्ही वेळा वाचा, ७:१४, मग ८:८, मग ८:१०. ८:८ मध्ये अश्शूरचा पूर यहूदात गळ्यापर्यंत चढतो आणि वाक्य संपतं "हे इम्मानुएला, तुझा देश" असं. देव आमच्याबरोबर आहे तर पूर येणारच नाही असं ते नाव म्हणत नाही. गळ्यापर्यंत येईल, डोक्यावरून जाणार नाही. ही गोष्ट मी कुठल्याच नाताळच्या उपदेशात ऐकली नाहीये आणि ती सांगायला हवी.

यशयाचा आणखी एक मुलगा महेर-शालाल-हाश-बज, अर्थ साधारण लूट घाईत, लुटालूट वेगात. हे नाव मूल जन्मायच्या आधी मोठ्या पाटीवर साध्या लोकांना वाचता येईल अशा अक्षरात लिहून घेतलं होतं आणि उरीया याजक आणि जखऱ्या असे दोन साक्षीदार ठेवले होते. म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की घडून गेल्यावर नाव ठेवलं. आणि मुदतही दिली, हे पोर "बाबा, आई" म्हणायला लागायच्या आत दिमिष्कची संपत्ती आणि शोमरोनची (इस्राएलच्या राजधानीची) लूट अश्शूरच्या राजासमोर जाईल. दिमिष्क इ.स.पू. ७३२ ला पडलं. पेकहला त्याच सुमारास मारलं आणि शोमरोनचं राज्य पुढे ७२२ च्या आसपास संपलं. म्हणजे हे नाव त्या गल्लीतल्या लोकांसाठी होतं, पोर दिसलं की मोजत असतील अजून बोलतो का, बोलायला लागला का.

८:१८ मध्ये यशया म्हणतोच की मी आणि देवाने मला दिलेली मुलं इस्राएलात चिन्हं आहोत.

चौल_रेवदंडा

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, आजोळ अलिबागकडचं. आमच्या बाजूनेही थोडं लिहिते, वाद घालायला नाही, पण ही पुस्तकं आमच्या घरातही वाचली जातात म्हणून.

होशेयबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या बायबलमध्ये जिथं १:१० आहे तिथं आमच्या हिब्रू पुस्तकात दुसरा अध्याय सुरू होतो, "इस्राएलच्या लोकांची संख्या समुद्राच्या वाळूसारखी होईल" तिथून. आणि बामिदबार, म्हणजे गणना हे पुस्तक वाचायला सुरुवात होते त्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये हफ्तारा (तोराहनंतर वाचायचा संदेष्ट्यांचा उतारा) वाचतात तो बरोबर तिथूनच. म्हणजे लो-रुहामा आणि लो-अम्मी ही नावं ठेवण्याचा भाग सभेत वाचलाच जात नाही, नावं उलटतात तिथून सुरुवात होते. तोराहमध्ये त्या दिवशी शिरगणती असते, म्हणून मोजता येणार नाही एवढे व्हाल हे वचन. आणि त्याच अध्यायातलं "मी तुला माझ्यासाठी सर्वकाळ वाग्दत्त करीन" हे तेफिलीनचा (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या, वचनं ठेवलेल्या चामडी डब्यांचा) पट्टा बोटाभोवती गुंडाळताना रोज सकाळी म्हणतात. वडिलांना मी लहानपणापासून ते म्हणताना बघितलंय, कुठल्या पुस्तकातलं आहे हे फार उशिरा कळलं. गोमरची गोष्ट जिथून येते तिथूनच रोजची लग्नगाठ येते हे कळल्यावर मला होशेय फार जवळचा वाटायला लागला.

आता यशयातल्या त्या चार पदव्या. आमच्याकडे तो ९:५ आहे, तुमच्याकडे ९:६. राशीसारखे जुने भाष्यकार ते बाळ म्हणजे आहाजचा मुलगा हिज्कीया असं धरतात, आणि वाक्य असं लावतात की जो अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता आहे तो त्या मुलाला शांतीचा अधिपती म्हणेल. म्हणजे आधीची नावं देवाची आणि शेवटचं मुलाचं. तल्मुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथाच्या सनहेद्रिन नावाच्या भागात असंही आहे की देवाला हिज्कीयाला मशीहा करायचं होतं पण ते झालं नाही. आमच्यासाठी ती नावं आधी त्या राजवाड्यातल्या मुलाबद्दल आहेत, ज्याच्या बापाने घर विकायला काढलं होतं.

आणि एक. मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी एलिया संदेष्ट्याला पाठवीन असं वचन आहे. आमच्या कोकणात एलियाहू हन्नावीचा, म्हणजे त्याच एलियाचा, मलिदा करतात, नवस फेडायला, लग्नाआधी, काही शुभ झालं की. पोहे, गूळ, नारळ, फळं, आणि त्याचं नाव घेऊन गाणं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. भविष्यातलं नाव लोक कसं जगतात असं कुणी विचारलं तर मला आधी ती थाळी आठवते.

वसईवाला_७

ताई, खूप आभार, हफ्ताराचं मला माहीतच नव्हतं. हिज्कीयाबद्दल मी तुमच्याशी अर्धा सहमत. ते शब्द आहाजच्या काळातच बोलले गेले आणि तिथंच आधी ऐकायला हवेत, सल्ला चुकीचा घेणाऱ्या राजासमोर "अद्भुत मंत्री" म्हणणं हेच केवढं आहे. आणि "शांतीचा अधिपती" च्या आधीची ओळ बघा, सैनिकाचे धप् धप् वाजणारे जोडे आणि रक्ताने माखलेले कपडे जळणाला जातील. अश्शूरचे जोडे त्या लोकांनी पाहिले होते.

पण आम्ही ख्रिस्ती लोक ते तिथंच थांबवत नाही त्याचंही कारण सांगतो. नवव्या अध्यायाची सुरुवात जबुलून आणि नफताली या भागांपासून होते, अंधारात चालणाऱ्यांनी मोठा प्रकाश पाहिला. २ राजे १५:२९ बघा, तिग्लथ-पिलेसरने सगळ्यात आधी ज्यांना उचलून नेलं त्यात हाच भाग आहे, गालील. मत्तय चौथ्या अध्यायात येशू कफर्णहूमला राहायला जातो तेव्हा नेमकं हेच वचन लावतो. जिथं आधी अंधार पडला तिथं आधी उजेड. हिज्कीया चांगला राजा होता, पण शांती सदोदित वाढत जाईल हे त्याच्या राज्यात झालं नाही, त्याच्याच काळात इ.स.पू. ७०१ ला अश्शूरचा राजा सन्हेरीबची फौज आली. आणि सन्हेरीबचा सरदार रब-शाके कुठं उभा राहून ओरडतो माहितीये? वरच्या तळ्याचा पाट, परटाच्या शेताचा रस्ता, यशया ३६:२. तीच जागा. म्हणून आम्ही पुढे बघतो.

पदवी की नाव, तर माझं म्हणणं, सिंहासनाची नावं. इजिप्तमध्ये राजा गादीवर बसताना त्याला अशी मोठमोठी नावं देत आणि काही अभ्यासक यशयातल्या चार जोड्या तशाच मानतात. घरात हाक मारायला नाहीत, राज्य कसं असेल ते जाहीर करायला आहेत.

रात्रपाळी

व्हॉट्सअॅपवाल्या मेसेजबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. काकांना एकच गोष्ट दाखवा. बायबलमध्ये खरोखरची सांकेतिक नावं आहेत, नाही असं नाही. यिर्मया २५:२६ मध्ये "शेशखचा राजा" येतो. हिब्रू मुळाक्षरं उलटी लावली, पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, की शेशखचं बाबेल होतं. पण यिर्मया ५१:४१ उघडा, तिथं एकाच वचनात शेशखही आहे आणि बाबेलही आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपासून लपवलेलं काहीच नव्हतं, त्यांना पक्कं माहीत होतं कुणाबद्दल चाललंय.

प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, पण तसंच. बाबेल म्हणजे कोण? १७ व्या अध्यायात सात डोंगरांवर बसलेली बाई, आणि शेवटी सरळ सांगितलंय की ती पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारी मोठी नगरी आहे. पहिल्या शतकात सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर रोम सोडून कुणाच्या डोक्यात काय येणार. तिथल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याचं पण, "नेरोन कैसर" (रोमचा सम्राट नेरो) हिब्रू अक्षरात लिहून बेरीज केली की ६६६ येते आणि लॅटिन पद्धतीने शेवटचा न काढून "नेरो" लिहिलं की ५० कमी होऊन ६१६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे. छळ सोसणाऱ्या मंडळीला आपल्या छळणाऱ्याचं नाव कळावं म्हणून लिहिलेलं पत्र आहे ते. त्या लोकांना काहीच कळणार नाही आणि दोन हजार वर्षांनी आपल्या मोबाईलवर कळेल असं मानणं म्हणजे जे सिंहांपुढे गेले त्यांच्यावर अन्याय आहे. बाबेल पुन्हा पुन्हा उभं राहतं, कबूल, जुलमी सत्ता दिसली की ते नाव आठवावं. पण यादी करून शिक्के मारत बसायचं हे त्या पुस्तकाचं काम नाही.

जुनाकरार

अगदी बरोबर. फक्त एक भर घालतो, होशेयाची नावं पण पुढे दुसऱ्यांना लागली, पण कशी ते बघा. पौल रोमकरांस पत्र ९ मध्ये आणि पेत्र पहिल्या पत्रात २:१० मध्ये लो-अम्मीचं वचन परराष्ट्रीयांना लावतात, जे आधी लोक नव्हते ते आता देवाचे लोक. म्हणजे "माझे लोक नव्हेत" हे नाव त्यांनी शत्रूच्या कपाळी मारलं नाही, त्यातून बाहेर काढलेल्यांना जवळ घेतलं. ताई, तुम्ही आम्ही नगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती त्याच वचनाने आत आलोय. आमच्या पणजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. "माझे लोक" हा शब्द त्यांनी कसा ऐकला असेल त्याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

नगरची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी इज्रेलपासूनच सुरुवात करणार आणि दुसरा अध्याय त्याच बैठकीत पूर्ण वाचणार, मध्ये चहा नाही. काकांना यिर्मया ५१:४१ दाखवते. पुढच्या महिन्यात यिर्मया घेतोय, तिथं पशहूरला पण असंच नाव दिलंय ना? ते काय आहे? तेही उलटतं का?

चौल_रेवदंडा

हो, विसावा अध्याय. पशहूर मंदिराचा मुख्य अधिकारी, त्याने यिर्मयाला मारलं आणि रात्रभर खोड्यात अडकवून ठेवलं. सकाळी सोडल्यावर यिर्मया म्हणतो, देव तुला पशहूर म्हणत नाही, मागोर-मिस्साबीब म्हणतो, म्हणजे सभोवार दहशत. पण तिथंच थांबू नका, दहावं वचन वाचा. तेच शब्द लोक यिर्मयाच्या मागे कुजबुजतात, सभोवार दहशत, चला त्याची चुगली करू, आणि त्याचे जवळचे मित्रच तो कधी घसरतो याची वाट बघत असतात. पशहूरला दिलेलं नाव यिर्मयालाच चिकटलं. उलटण्याबद्दल विचारलंत तर पशहूरसाठी ते उलटत नाही, त्याला बाबेलला जाऊन मरायचंय असंच लिहिलंय. यिर्मया मात्र लगेच पुढच्या वचनात म्हणतो परमेश्वर पराक्रमी वीरासारखा माझ्याबरोबर आहे, आणि त्यानंतर परत जन्मदिवसाला शाप देतो. तो भाग सलग वाचा, तुकडे करू नका.